दुसऱ्याच्या नावाला ओ

ज्याला यात खोट काढायची असेल त्यानं खुशाल काढावी. माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलेलं आहे, मला कुणाची पावती नको.

सन सत्त्याण्णव. ऑक्टोबरातला शनिवार, उन्हं उतरायची वेळ.

जागा मात्र सातासमुद्रापलीकडची... स्कॉटलंडमधलं एक तळं.

माझा मावसभाऊ शंभूराज, इंदापूर तालुक्यातल्या कळंबचा, तिकडं शिकायला होता. आबांनी, म्हणजे त्याच्या आजोबांनी, हयातभर मेंढरं राखली, वडलांनी ऊस लावला आणि हा विमानात बसला. सोबतीला भवानीनगरचा यशराज आणि बारामतीची अंजली. आठवडाभर अभ्यास आणि शनिवार आला की बसनं भटकंती. चपात्यांचा डबा अंजलीचा, वायफळ बडबड यशराजची.

परत निघताना शंभूराज एक घरची रीत पाळायचा. मेंढरांचा तळ हलवताना सगळ्यात मागच्या माणसानं मोकळ्या रानाकडं तोंड करून एकेकाच्या नावानं हाक मारायची. ज्याचं नाव, त्यानं ओ द्यायची. मग म्हणे माणूस पुरता निघतो, त्याचं काही मागं राहत नाही.

आबांनी बजावलं होतं, जो हजर नाही त्याचं नाव घ्यायचं नाही.

शहाण्यानं नेमकं तेच केलं.

धाकटी बहीण छकुली त्या सकाळी फोनवर रडली होती. आठ वर्षांचं शेंडेफळ. "मलाबी ने की फिराय," म्हणून हटून बसली होती. तळ्यावरून निघताना त्याला ते आठवलं. अंजलीला हाक मारून झाली, यशराजला झाली. आणि मग त्यानं, अगदी मायेनं...

"छकुलेऽऽ"

वारा पडलेला होता. पाणी गप्प होतं.

"आलेऽऽ..."

आवाज तळ्याकडून आला.

तिघंही हसले. दोघांना वाटलं ही अंजलीची खोडी, तिला वाटलं यशराजची.

दुसऱ्या दिवशी कळंबहून फोन आला.

छकुली ओ देत नव्हती.

डोळे उघडे, श्वास नीट, पण नावानं हाक मारली तर पापणी हलेना. पाय बर्फासारखे गार. बारामतीच्या डॉक्टरांनी तपासलं, त्यांना काही सापडलं नाही. सारजामावशी फोनवर नुसती हुंदके देत होती. मग आबांनी फोन घेतला.

"तू ठिवून आलास, तूच आण. त्याच जाग्याव जा, हाक मार. तिनं ओ दिल्याबिगर हलू नगंस. ओ आली की मागं न बघता चालाय लाग."

पुढच्या शनिवारी तिघं गेले. शंभूराज दुपारपासून हाका मारत होता.

काहीच नाही.

पाखरूसुद्धा नाही.

घसा फाटला, आवाज बसला. शेवटची बस निघायची वेळ झाली. अंजली थंडीनं काकडत होती. यशराजनं विनवण्या केल्या, पण शंभूराज तिथंच गोठून मेला असता, उठला नसता. पोरीच्या जिवाचा प्रश्न होता.

यशराज हळूच एका खडकामागं गेला. तोंडापुढं हात धरून त्यानं बारीक आवाज काढला...

"आलेऽऽ"

दया म्हणा, कंटाळा म्हणा. कुडकुडणाऱ्या माणसाला दुसऱ्याची बहीण किती वेळ आपली वाटणार?

शंभूराज ढसाढसा रडला आणि मागं न बघता बसकडं चालू लागला. अंजलीनं सगळं बघितलं होतं. तिलाही बस हवी होती. ती गप्प राहिली.

बसमध्ये यशराज खिडकीबाहेर बघत होता.

अंजलीनं हाक मारली. त्यानं बघितलं नाही. दंडाला धरून हलवलं, तर दंड स्वेटरवरूनही गार लागला.

पुढच्या बाकावर शंभूराज आनंदानं पुटपुटत होता, "आली माझी छकुली."

"हां, दादा," यशराज म्हणाला.

आवाज त्याचा नव्हता.

तिकडच्या डॉक्टरांनी हात टेकले. डिसेंबरात त्याला भवानीनगरला आणलं. त्याची आई फुलाबाई रडून रडून नावानं हाका मारी, तो कळंबच्या रस्त्याकडं बघत राही. एके दिवशी उठला आणि चालत निघाला.

कळंबला दिवेलागणीची वेळ होती. छकुली खाटेवर पडलेली, पार वाळून गेलेली. यशराजला घेऊन आलेला शंभूराज उशाशी बसला होता. सारजामावशीनं रोजच्यासारखी हाक मारली, "छकुले, जेवाय चल."

खाटेवर पापणी हलली नाही.

अंगणातून आवाज आला... "आले, आये."

मिशा फुटलेला तो बाप्या आत येऊन छकुलीच्या जागेवर मांडी घालून बसला आणि दूधभाकरी कुस्करून मागू लागला.

मावशीनं खाटेकडं बघितलं. मग त्याच्याकडं बघितलं.

आणि ताट त्याच्यापुढं सरकवलं.

त्यानंतर ती खाटेकडं फिरकली नाही. संक्रांतीच्या आत खाट रिकामी झाली. पोरीला बाहेर काढलं तेव्हा मावशी परसात यशराजच्या डोक्याला तेल लावत बसली होती.

तिकडंच राहिलेल्या अंजलीनं फोनवर खडकामागचं सगळं कबूल केलं. ते कळल्यावर फुलाबाई आली, शंभूराजच्या पायावर पडली. तू परत जा, माझ्या लेकाला हाक मारून आण, म्हणाली. यशराज परत आला तर छकुलीला जागा सोडावी लागणार, हे न सांगता सगळ्यांना कळलं होतं.

मावशी दारात आडवी उभी राहिली. "माझ्या लेकीला हाक मारली व्हती, फुलाबाई. तुज्या लेकाला कुणी बलावलं न्हवतं. त्यानं सोताहून ओ दिली."

शंभूराज गेला नाही.

अंजली गेली. तिला त्या बसची लाज वाटत होती. तळ्यावर उभं राहून तिनं यशराजला हाक मारली. ओ लगेच आली... पाठोपाठ रडणं.

तिकडं दुपार होती, कळंबला दिवेलागण.

मावशीच्या दाराची कडी वाजली.

ताटावर बसलेला यशराज मावशीला बिलगला. "दादा, उघडू नगं," त्या बारीक आवाजात म्हणाला. दाराबाहेरून एक तरणा माणूस रडवेला होऊन म्हणत होता, "शंभ्या, मी हाय... आत घे."

शंभूराजचा हात कडीपर्यंत गेला. जिवाभावाचा मित्र होता. पण मावशीनं फक्त नकाराची मान हलवली.

त्यानं हात खाली घेतला आणि वरचा अडसरही लावला.

फुलाबाई पुढं बरीच वर्षं रोज संध्याकाळी त्या बंद दाराबाहेर येऊन बसायची. ती कुणाची तरी समजूत घालत असायची, हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. आता ती नाही.

मागच्या दिवाळीला मी गेलो होतो. अंधार पडायच्या आत शंभूराजनं दार लावून घेतलं आणि टीव्हीचा आवाज मोठा केला.

तरी ऐकू येतंच.