खालच्या बर्थचं तिकीट

पिलेला नव्हता तो! मास्तरला जाऊन सांगा, तोआदेर म्हनला, पिंतिलिये त्या राती घोटभरसुदिक पिलेला नव्हता. बाटली माझ्याकडं होती, मला म्हाईत. आन तुम्हांला काय म्हनला मास्तर? "तिसरं तिकीट ऱ्हाऊ द्या, डबा ऐसपैस मिळंल." ऐसपैस! त्याच्या बापाचं काय जातंय! वहीत पट्टीनं रेघा मारता येतात म्हनून साऱ्या दुनियेचं कळतंय व्हय त्याला?

बस सावा. इलिंका, तू बी बस पोरी. मामा ओरडतोय म्हनून घाबरू नको, मामा असाच हाय. घाटा खा, मक्याचा घाटा गार झाला की दगड होतो.

तुम्ही दोघं शुक्रवारच्या गाडीनं निघनार. इमानानं न्हाई, गाडीनं, पार इटलीपतोर. बरंय. मास्तरनं कागद करून दिलाय, कुठं उतरायचं, कुठं बदलायचं. त्ये बी बरंय. पन मानसं दोन आन तिकिटं तीन? तिसरं दोम्निकाच्या नावावर. तुझी आई, सावा. पन माझी सख्खी बहीन ना ती? ती जाऊन वरीस भरलं म्हनून तिच्या नावचं तिकीट काढलंस, आन मला कवा कळतंय? आज. घास तोंडात असताना.

मग आता ऐक. मधी बोलू नको.

पिंतिलिये म्हंजी ह्यो निळ्या फाटकाचा. तीस वर्सं आम्ही एका ट्रॅक्टरवर काढली. त्यानं सांगितलं त्ये सांगतो, आन थोडं माझ्या ह्या कानानं ऐकलेलं हाय.

त्याची बायको झामफिरा. पोरगी आग्लाया तिकडं इटलीत, पादोव्यात, म्हाताऱ्या मानसांची उठबस करती. झामफिराला पोरीचं घर बघायचं होतं, पन इमानात बसायची न्हाई. म्हनायची, "वर मेले तर कुठल्या गावच्या हद्दीत मेले ह्ये तरी कळंल का? मी जमिनीवरनं जानार." चार हिवाळे ती आन मास्तर शाळेतला फाटका नकाशा पसरून बसायचे. त्या नकाशात असले देश होते की आता त्यांचं नावसुदिक उरलं न्हाई. बुखारेस्ट, मग बुदापेस्ट, मग व्हिएन्ना, मग डोंगर चढून पलीकडं खाली पादोवा. कुठं किती मिनटं थांबायचं, कुठला फलाट, कुठं गरम पानी मिळतं, सगळं तिला तोंडपाठ. आम्ही हसायचो. पिंतिलिये म्हनायचा, "अगं पन निघनार कवा?" ती म्हनायची, "तू छप्पर गळायचं थांबवशील तवा."

छप्पर गळतच ऱ्हायलं. ती गेली. छातीत कळ आली, तासाभरात संपली.

वरीस भरलं तवा पिंतिलियेनं सगळं रीतीनं केलं. रजई दिली, उशी दिली, ताट दिलं, खुर्ची दिली. तुला म्हाईत हाय सावा, तू बी दिलंस आईच्या नावानं. मेलेल्याच्या नावानं द्यायचं, पन द्यायचं जित्या मानसाच्या हातात. घेनारा म्हनतो, देव तिला क्षमा करो. मग त्ये तिकडं पोचतं. मधी एक जिता हात पायजे. का पायजे म्हनून मला इचारू नको. पायजे.

मग ह्याच्या मनात आलं, झामफिराचा प्रवास तेवढा ऱ्हायला. तो बी द्यायचा. आपन पोरीकडं जायचं, आन झामफिराच्या नावचं एक तिकीट कुना गरिबाला द्यायचं. मी म्हनलो, लई झ्याक, पारास्कीवाला दे. वळनावरची पारास्कीवा. तिचा बी ल्योक तिकडंच, सहा वर्सं तोंड बघितलं न्हाई त्याचं. पन तिकिटाचा फारम भरला मास्तरनं! प्रवाशाचं नाव काय? तर ज्याच्या नावानं द्यायचं त्याचं. लिहिलं, झामफिरा. खालचा बर्थ, कारन तिचे गुडघे दुखायचे.

मी म्हनलो, "अरे येड्या, ह्यावर पारास्कीवाला कोन चढू दील?"

म्हनला, "आता छापून आलंय तोआदेर. गाडीत दीन कुनालातरी."

तिकिटाच्या खिडकीवर जाऊन नाव बदलून मिळत होतं. मी सांगाया पायजे होतं, कान धरून न्याया पायजे होतं. मी गप बसलो. त्ये माझ्यावर.

गेल्या साली नोव्हेंबरची एकवीस तारीख. शुक्रवार. धुकं असलं की घोड्याचं शेपूट दिसंना. मीच त्याला स्टेशनावर सोडला. पिशव्या इतक्या, लोनच्याच्या बरन्या, मेंढीचं चीज, पोरीसाठी सीलबंद केलेला वाइनचा कॅन, की इमानवाल्यांनी त्याला दारातच हानला असता. डब्यात चार बर्थची बंद खोली आन आत हा एकटा. डब्याची बाई आली, जाडजूड, लाल केसांची. म्हनली, "दुसरी सवारी?"

"न्हाई आली."

"भांडलात व्हय आजोबा?"

"न्हाई... आता न्हाई भांडत."

"मग झोपा ऐसपैस. चादरी मातुर दोन देते, तिकिटं दोन हायेत ना."

गाडी सुटली. ह्यानं तिलाच तिकीट पुढं केलं, झामफिराच्या नावानं घे म्हनला. ती हसली. "मला काय करायचं तिकीट? मी गाडीतच जन्म काढते." शेजारच्या खोलीत एक बाई होती, तिला दिलं. तिनं नाव वाचलं. म्हनली, ही कोन? हा म्हनला, बायको, वारली. तिनं छातीवर क्रूस काढला आन दार लावून घेतलं.

मग ह्यानं काय केलं असंल?

खालच्या बर्थवर चादर आंथरली. तिकीट ठेवलं. त्यावर कोलाक ठेवला, आपला कड्यासारखा पाव, नावानं देताना ठेवतो तो. आन म्हनला, "झामफिरा, घे. तुझं तुलाच."

समजलं का काय झालं? मधी कुनी न्हाई. हात न्हाई. सरळ तिला.

आन सोता वरच्या बर्थवर चढून झोपला.

प्रूत नदीच्या अलीकडं, आपल्या देशाच्या हद्दीवर, गाडी थांबती. तुम्ही इमानानं फिरनारी पोरं, तुम्हांला म्हाईत न्हाई. आपले रूळ रुंद, पलीकडचे अरुंद. तिथं डबे सोडवत्यात, वर उचलत्यात, आन खालची चाकं बदलत्यात. मानसं आतच. डब्याची दारं बंद, संडास बंद, उतरायचं न्हाई. दोन तास. जाग्यावर बसायचं.

त्याच्या आधी शिपाई येतो पासपोर्ट बघाया. जवान पोरगं, हातात बॅटरी. पिंतिलियेनं वरनं पासपोर्ट दिला. त्यानं शिक्का मारला. मग बॅटरी खाली मारली, खालच्या बर्थवर. बघितलं. परत हातातल्या कागदावर बघितलं. आन एकदम आवाज बारीक केला.

"ऱ्हाऊ द्या," म्हनला. "झोपू द्या मावशीला."

आन दार लोटून गेला.

पिंतिलिये म्हनतो, मला वाटलं चेष्टा करतोय. वरनं खाली काय दिसत न्हाई, काठ आडवा येतो. वाकून बघावं लागतं. तो म्हनतो, मी वाकनारच होतो...

तेवढ्यात दिवा गेला.

आन डबा उचलाया लागला.

हळू. लई हळू. खाली मानसं हातोडे मारतायत, ठन... ठन... ठन. लोखंडाच्या खिळी काढतायत. डबा वर जातो, थांबतो, जरा खाली येतो. परत वर. तुला म्हाईत हाय ना, आपन मढ्याची पेटी घराबाहेर काढताना उंबऱ्यावर कशी करतो? तीनदा. वर, खाली. वर, खाली. पिंतिलियेनं ती सोता धरली होती, डोक्याकडनं. म्हनला, तोआदेर, हाताला तेच वजन आलं.

आन खाली पाव मोडला.

कडक पापुद्रा मोडल्याचा आवाज. मग चावल्याचा. हळूहळू. डाव्या दाढेनं चावल्यासारखा. झामफिराच्या उजवीकडं दाढा नव्हत्या.

नऊ चाळीसला माझा फोन वाजला. मी इथंच बसलो होतो, ह्याच खुर्चीत. मी म्हनलो, काय रे, पोचला काय इटलीत? तिकडनं नुसता श्वास.

मग म्हनला, "तोआदेर. ती हाय."

"कोन?"

"खाली."

मी शिव्या घातल्या. काय पिलास म्हनलो. आन मग... मी फोन कानाला दाबला. कारन फोनातनं मला आलं ऐकू. हातोडे. आन हातोड्यांच्या मधी, पाव मोडल्याचा आवाज. मी शपथ घेत न्हाई, शपथा खोटारडे घेत्यात. ऐकलं म्हनजे ऐकलं.

मी म्हनलो, "दार उघड. बाहीर पळ."

म्हनला, "उघडत न्हाई. मी पाय लांब करून कडी ओढली. वरची दुसरी कडी लागलीय. आतनं. हलवून हलत न्हाई."

"मग वरड!"

"वरडलो. हातोड्यात कुनाला जातंय ऐकू."

"मग तिकीट मला दे! म्हन, तोआदेर, झामफिराच्या नावानं घे! मी म्हनतो क्षमा करो, हजारदा म्हनतो!"

मग म्हनला, "तिकीट तिच्याखाली हाय. हातात घ्यायचं तर खाली उतरावं लागंल."

आन तेव्हा...

बाईचा आवाज. रागाचा न्हाई. रडका न्हाई. घरातल्यासारखा. दिवा मालवताना बाई बोलती तसा.

"पिंतिलिये. वर गार असंल. खाली ये. जागा हाय."

फोन गेला.

मी किती लावला. लागंना. मी इथं, तो तिथं. मधी शंभर कोस आन धुकं. मी काय करनार होतो? अंगनात जाऊन ओरडलो. कुत्री भुकली. बस. हेच केलं मी मैतरासाठी.

पुढचं त्यानं सांगितलं. दीड तास अजून. अंधार. डबा हवेत. खिडकीबाहेर जमीन न्हाई. तो भिंतीला चिकटून, गुडघे छातीशी. खालनं त्याची चादर कुनी ओढायचं. जोरात न्हाई. झामफिरा झोपंत ओढायची तशी. थोडी. मग थांबायची. मग थोडी. ह्यानं चादर सोडली. मग घोंगडी गेली. मग उशी. मग...

मग बोटं. त्याच्या पायाचा अंगठा धरला. धरून ठेवला नुसता.

"गार हायेस," म्हनली.

तो मला म्हनला, तोआदेर, सगळ्यात वाईट काय सांगू? मला उतरावंसं वाटाया लागलं.

...

डबा चाकांवर बसला तवा धक्का बसला. दिवा आला. कडी खाली पडलेली. तो खाली न बघता उडी मारून भायेर. पलीकडच्या पहिल्या स्टेशनात दार उघडलं तसा उतरला. पायात मोजे. पिशव्या आत, बूट आत, कॅन आत. डब्याची बाई खिडकीतनं वरडली, "आजोबा, अहो आजोबा! आन त्या बाई?" गाडी सुटली. तो शनवारी दुपारी बसनं माघारी आला. पाय फुटलेले. दोन दिवस दार लावून बसला, मग मला बोलावलं.

येईल म्हनून थांबू नको, एवढं पोरीला फोन करून सांगितलं त्यानं. दुसरं काय न्हाई.

मास्तरच्या कागदावर पादोवा यायची येळ होती सोमवार, सकाळी सात वाजून बारा मिनटं. सोमवारी दुपारी आग्लायाचा फोटो आला बापाच्या फोनवर. मला दाखवला त्यानं. पाठमोरी ती, आरशात काढलेला. आग्लाया बाई चौतीस वर्सांची, केस मोकळे टाकून झोपलेली, आत एकटी, दाराला कुलूप. सकाळी उठली तर वेनी घातलेली. घट्ट, चार पेडांची, झामफिरा घालायची तशी. खाली चादरीची फाडलेली चिंधी बांधलेली, आन चिंधीवर गाडीच्या धुलाईचा शिक्का.

तिनं खाली लिहिलं होतं, "बाबा, हे कोनी केलं?"

पिंतिलियेनं उत्तर दिलं न्हाई. अजून दिलं न्हाई. काय देनार? तिकीट जायचं काढलं होतं. यायचं न्हाई.

रडू नको इलिंका. सावा, माझ्याकडं बघ. दोम्निका माझी बहीन होती, तिला मी खांद्यावर घेऊन नदी ओलांडलीय. तुझ्यापेक्षा माझी माया कमी हाय असं वाटतंय का तुला? पन मला ती त्या डब्यात नको. आन तुझ्या बायकोचा पाय तिच्या हातात नको.

खिडकी सकाळी आठला उघडती. नाव बदलून मिळतं, पिंतिलियेचं झाल्यावर मी मागंच इचारून आलोय. तिथं पारास्कीवाचं नाव घाल. तिच्या हातात दे. तिच्या तोंडनं ऐक, देव तिला क्षमा करो, मोठ्यानं. मग तिला बरोबर घेऊन जा, सहा वर्सांनी ल्योक बघू दे तिला.

ती जागी हाय, दिवा दिसतोय बघ वळनावर. बोचकं बांध म्हनून तिला आत्ताच जाऊन सांग.

घाटा ऱ्हाऊ दे. ऊठ.