रांगेचं शेपूट

भाचीला, जुमानाला, नाचाच्या शिकवणीला न्यायचं काम बहिणीने माझ्या गळ्यात मारलं, तेव्हा मी नाक मुरडलं. आमच्या लेबनॉनच्या डोंगरात दबके नाच कुणी शिकवायचा नसतो. लग्नात हातात हात गुंफून रांगेने पाय आपटायचे, दोन-चार लाथा खायच्या, की येतो. पण ही सहा वर्षांची पोर कुणाचा हातच धरत नव्हती, आईचासुद्धा. मामाचं लग्न तोंडावर आलं होतं. "रांगेत एकटी उभी राहिली तर लोक काय म्हणतील?" हे बहिणीचं रडगाणं. तिला पोरीपेक्षा लोकांचीच काळजी.

शिकवणी गावाबाहेरच्या बंद रेशीम गिरणीत होती. उकडलेल्या कोशांचा कुबट वास तिथल्या भिंतींतून अजून जात नाही. भिंतीकडेच्या खुर्च्यांवर इतर पोरांच्या आया एकमेकींना नखं दाखवत बसल्या होत्या. मास्तर रूडी खास बैरूतहून आलेला, अत्तरात बुडालेला. मला तो पहिल्याच नजरेत डोक्यात गेला.

"लाजरी आहे? मग शेपटाला उभी करा," तो म्हणाला. "तिथे एकच हात धरावा लागतो."

जुमानाने शेजारच्या मुलीला कशीबशी करंगळी दिली. दुसरा हात मूठ करून पाठीमागे लपवला. शेवटच्याने मूठ पाठीशी ठेवायची, ही आमच्याकडची रीतच आहे.

"मूठ सोड, हबीबती. हात मोकळा, बाहेर! स्टेजवर छान दिसतं."

झाडू मारणारी म्हातारी अफीफे दारातूनच ओरडली, "उस्ताज, शेपटाचा हात उघडा ठेवू नका! इथल्या पोरी जन्मभर उकळत्या पाण्यात हात घालून धागे काढत मेल्या. त्यांना कुणी नाचायला नेलं नाही..."

"अफीफेबाई, तुम्ही केर काढा," रूडी म्हणाला. आया फिदीफिदी हसल्या. मीही हसले. म्हातारीच्या बडबडीवर हसायचं नाही तर काय करायचं?

जुमानाने मूठ उघडली.

गाणं सुरू झालं आणि नेहमीप्रमाणे वीज गेली. खिडक्यांत संध्याकाळचा शेवटचा उजेड होता, तोही विझला. गाणं बंद पडलं. "कुणी हलू नका, जनरेटर लागेल," रूडी म्हणाला.

पोरं थांबली असणार. पण पाय आपटत होते... एका ठेक्यात, आणि पुष्कळ. आवाज रांगेच्या शेपटापलीकडून येत होता, जिथे पुढे फक्त भिंत होती. वास दाट झाला, गरम वाफेसारखा. 

"जुमाना?"

"हं..." एवढंच आलं.

मी मोबाइलचा दिवा लावला. ठेका तुटला. सगळी पोरं थिजल्यासारखी उभी होती. जुमानाचा मोकळा हात भिंतीकडे ताणलेला होता. बोटं कशाभोवती तरी घट्ट वळलेली होती. आणि ती हसत होती. तिला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मी तिला ओढून बाहेर काढलं. तळहात ओला होता, गरम होता. तासन्‌तास पाण्यात भिजल्यासारख्या सुरकुत्या पडल्या होत्या. आया बघत राहिल्या. अफीफे झाडू छातीशी धरून उभी राहिली.

वाटेत मी दरडावलं, "शेपटाला उभं राहायचं नाही पुन्हा. कळलं?"

"मी शेपटाला नव्हते, मावशी. मी मधे होते."

मला भीती वाटली, ती रागात लपवली. तिचा कोरडा हात मी घट्ट धरला होता, तिनेही तो सोडवला नाही. दुसरा हात मात्र अंधाराकडे तसाच लांबवलेला होता, मधूनमधून झुलत होता.

घरी पोचताच मी तिला आत ढकललं आणि दार लावायला वळले. तिने पाय आडवा घातला.

"थांब ना, मावशी," ती हळूच म्हणाली. "अजून सगळ्या आत आल्या नाहीत."