चंपीची उडी

आवरपट्ट्यापासून मायाप्पाला काय मिळणार होतं? एक, दुपारची झोप, जी त्याच्या बापाला नि आज्याला कधी मिळाली नव्हती. दोन, गुडघ्यांना विसावा. तिसरं त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं: पाडव्याचा फेटा.

पट्टा होता एकट्या चंपीच्या, कळपाच्या म्होरक्या मेंढीच्या, गळ्यात. फोनवरच्या नकाशात, जिथं मेंढरांनी जायचं नाही, तिथं बोटानं रेघ ओढायची. चंपी रेघेपाशी आली की पट्टा मानेवर झणझणायचा. ती मागं फिरायची, तिच्यामागून अख्खा कळप.

"बाकीच्यास्नी नगो पट्टा?" बांधायला आलेल्या गुरांच्या डॉक्टर शलाका निंबाळकरांना त्यानं विचारलं होतं.

बाईंनी त्याचीच काठी वाटेत आडवी धरली. चंपी उडी मारून गेली, मागच्या दोघीही गेल्या. बाईंनी काठी काढून घेतली. तरी उरलेली मेंढरं त्याच जागी, नसलेल्या काठीवरून, उडतच राहिली.

"लांडगा कडेच्याला धरतो, मामा. म्हणून जिला-तिला मध्ये राहायचं असतं. पुढची का उडाली हे विचारत थांबली, तर ती एकटी पडते."

"आमच्या गावच्या मतदानासारखंच की," मायाप्पाची बायको गंगव्वा म्हणाली.

"फक्त त्या झणझणण्याला दुसरा अर्थ शिकवू नका," बाईंनी जाताना बजावलं. मायाप्पानं मान डोलावली. मान डोलवायला खर्च येत नाही.

दिवाळीच्या पाडव्याला देवळापुढं मेंढरं बुजवायची, म्हणजे बिचकवून उडवायची, त्यांच्याकडं रीत. ज्याची मेंढी सगळ्यांत उंच उडेल, त्याला फेटा. गेली काही वर्षं तो शेजारच्या तळावरचा धुळा नेत होता, आणि वर्षभर मिशीला पीळ देत होता. मायाप्पानं दिवाळीआधीच चंपीला धडा दिला. पट्टा झणझणला, की फिरायचं नाही, पुढं उडायचं. उडी झाली, की गुळाचा खडा.

पाडव्याला त्यानं फोनवर देवळापुढं रेघ ओढली, नि चंपी उडाली ती माणसाच्या खांद्याला लागेल अशी. मागोमाग कळप लाटेसारखा उसळला. फेटा मायाप्पाच्या डोक्यावर बसला. त्यानं गुपित पोटात ठेवलं, ते पहिला कौतुक करणारा भेटेपर्यंत. पट्टे माळावरच्या सगळ्याच तळांना मिळाले होते; मग तळातळावर गुळाच्या ढेपा फुटू लागल्या.

दिवाळी सरली. कळप कालव्याच्या बाजूला चरत होता. मायाप्पानं काठाला रेघ ओढली, फेटा उशाला घेतला आणि बाभळीखाली डोळे मिटले. चंपी हिरवळीच्या मागं काठाला आली. पट्टा झणझणला.

चंपी शिकली होती तसं वागली.

"अवं उठा! मेंढरं पाण्यात चालली!" गंगव्वा ओरडली.

तो धावला तोवर मेंढरामागून मेंढरू त्याच जागेवरून कालव्यात पडत होतं. काठ सिमेंटचा, निसरडा. तो काठी आडवी धरून उभा राहिला, तर ती काठीवरूनही उडाली. गंगव्वानं खांद्यावरचं घोंगडं दोन्ही हातांनी पसरून कळपापुढं धरलं. मागच्यांना पुढची उडी दिसेना. दिसली नाही, म्हणून ती थांबली. चरायलाही लागली.

चंपी केव्हाच पोहून पलीकडच्या पायरीवर चढली होती. ती पहिली पडली तेव्हा पाणी मोकळं होतं; मागची एकमेकींच्या अंगावर पडली. पायरीवर उभी राहून ती मायाप्पाच्या हाताकडं बघत होती. गूळ कुठाय?

मायाप्पानं पाण्यात उतरून, गंगव्वानं घोंगडं टाकून, हाती लागली ती मेंढरं ओढून काढली; बाकीची बुडाली. अजून दोघांच्या अंगावरचं पाणी निथळत होतं, तोच धुळाचा फोन आला.

"मायाप्पा, आमची गूळ खाईना रं. पेंड चालंल का?"

"धुळा, पट्टा सोड तिचा. आत्ताच्या आत्ता. माझी मेंढरं मेली."

"वाईट झालं गड्या. पर फेटा तुला, आन् पट्टा आम्ही सोडायचा? बाकीचे काय करत्यात बघतो. त्येंनी सोडला, की सोडतो."

गंगव्वानं घोंगडं पिळलं. "बगा, ह्यो बी मधीच उभा हाय."

मायाप्पानं चंपीच्या गळ्यातला पट्टा काढून खिशात घातला. पण ते बघून पट्टा काढणारा दुसरा कोण?

फेटा मायाप्पाला मिळाला, गूळ चंपीला. कडेची वाचली. पाणी गेलं ते मधल्यांच्या नाकातोंडात.