अरुंधतीबाईंची पाहुणी

कॉलनीत भरदिवसा दोन घरं फुटली, तेव्हा कुठे रहिवासी मंडळाला जाग आली. अध्यक्ष केशवराव पोलीस चौकीत जाऊन आले, वर्गणी जमली आणि गेटवर कॅमेरा बसला. केबलवाल्याने त्याचं चित्र एका रिकाम्या चॅनलवर सोडलं. मग काय, बायका मालिका सोडून गेट बघत बसू लागल्या. चोर काही दिसला नाही, पण कोणाकडे कोण येतं हे सगळ्यांना बसल्या जागी कळू लागलं.

अरुंधतीबाईंनी मात्र केबल घेतली नव्हती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडण्यात त्यांची उभी हयात गेली, आणि आता स्वतःच्या घरचा फोन आठवडा आठवडा वाजत नव्हता. नवरा, जगन्नाथ, जाऊन चार वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी त्या भाजी आणायला निघत, ते खरं तर चार शब्द बोलायला मिळावेत म्हणून.

शेजारच्या नंदाबाई मुलांच्या शाळेसाठी कुंभार पिंपळगावहून जालन्यात राहायला आल्या होत्या. एकदा त्यांनी बाजरीच्या वाळवलेल्या खारोड्यांचा डबा आणून दिला, चांगला शिगोशिग भरलेला.

"एवढ्या कशाला?" बाई म्हणाल्या.

"दोघी हात ना तुम्ही. पाव्हण्या बाईला बी द्या. रोज तुमच्यासंगं गेटातून जातेत, टीव्हीवर दिसून राह्यल्यात की."

बाईंनी ते हसण्यावारी नेलं. पण दोन दिवसांनी केशवरावांनी घरी बोलावलं. बाहेरचं कोणी राहायला आलं की चौकीत कळवायचं, असं पोलिसांनी बजावलं होतं. घरात कोणी नाही, असं बाईंनी सांगताच केशवरावांनी गेटच्या कॅमेऱ्याची कॅसेट लावली.

पडद्यावर गेट होतं, रस्ता होता आणि हातात पिशवी घेतलेल्या अरुंधतीबाई होत्या. एकट्या. इतकं एकटं माणूस त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"ह्या काय," केशवरावांच्या बायकोनं, रजनीनं, काचेवर बोट ठेवलं. "अबोली पातळवाल्या."

बोटाखाली मोकळा रस्ता होता. बाईंना एकच गोष्ट खटकली. एवढा रुंद रस्ता असून त्या अगदी कडेनं चालत होत्या, शेजारी एका माणसाची जागा सोडून.

"नाव काय सांगू चौकीत?" केशवरावांनी विचारलं.

नाही म्हणावं, तर बाईंना भ्रम झाला असं उद्या कॉलनीभर होणार. मग उरलंसुरलं येणंजाणंही बंद.

"सगुणा," बाई म्हणाल्या. "माझी मावसबहीण, अंबडची. आता इथंच राहणार आहे."

शेवटचं वाक्य आपण का बोललो, हे त्यांना घरी येईपर्यंत उमगलं नाही.

त्यानंतर कॉलनीचा नूरच पालटला. लोक थांबून विचारपूस करू लागले. हळदीकुंकवाचं बोलावणं दोघींना येऊ लागलं, आणि बाई सांगत, सगुणाला गुडघ्यांचा त्रास आहे, तिला बसवत नाही. सगळं धादांत खोटं. पण चालताना त्या हळूच शेजारच्या मोकळ्या जागेशी बोलू लागल्या. उत्तर येत नसे. तरी खरं सांगायचं तर, या चार वर्षांत त्या पहिल्यांदाच सुखात होत्या.

एका संध्याकाळी त्या भाजी घेऊन परतल्या, तर वॉचमन मच्छिंद्रनं केबिनमधल्या टीव्हीवरून मान वर केली.

"मावशी, आज एकल्याच? जाताना बी एकल्याच गेल्त्या. सगुणाबाई घरीच राह्यल्या काय?"

बाई थबकल्या. कुलूप त्यांनी स्वतः लावलं होतं. किल्ली मुठीत होती.

"हो," त्या म्हणाल्या.

शेजारी आज कोणी नव्हतं. ते त्यांना चालताना कळत होतं.

घराशी आल्या. कुलूप पायरीवर नीट ठेवलेलं होतं.

त्यांनी दार ढकललं. आतून कडी होती.

मागे फिरावं, केशवरावांना हाक मारावी, असं मनात आलं. पण सांगायचं काय? इथंच राहणार म्हणून त्यांनीच तर सांगितलं होतं.

भीती वाटत होती. तरी त्या हलल्या नाहीत. जगन्नाथ गेल्यापासून हे दार त्यांना आतून कोणी उघडून दिलं नव्हतं.

बाईंनी पदर सारखा केला आणि दार वाजवलं.

आत स्वयंपाकघरात भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला, आणि गुडघ्यांचा त्रास असल्यासारखी सावकाश पावलं दाराकडे येऊ लागली.