टिटवीला हवा एक भाऊ

पालथ्या घातलेल्या होडीला निळा रंग देऊन राजनंदिनी हात धुवायला गेली, आणि परत येऊन बघते तर होडीवर पांढऱ्या पँटीतला एक माणूस निवांत बसलेला. समोर धरणाचं पाणी काठोकाठ भरलं होतं, आणि तो ते असं बघत होता जसं काही त्याच्यासाठीच भरलं होतं.

"उठू नका," ती म्हणाली.

तो अर्धवट उठला होता, तो परत बसला. "कावून?"

"उठलात की रंग निघंल."

त्यानं हात टेकला होता तो उचलून बघितला. तळवा निळा. "म्हणजे माझी पँट..."

"पँटीचं तुमी बघा. मी होडीचं बोलतेय."

तो हसला. हसताना त्याचा पुढचा एक दात किंचित तिरका दिसला, आणि दातांची डॉक्टर असलेल्या राजनंदिनीला तो सरळ करावा असं मुळीच वाटलं नाही. धंद्याच्या दृष्टीनं हे काही चांगलं लक्षण नव्हतं.

शेवटी तो उठलाच. होडीच्या बुडावर त्याच्या बैठकीचा जो भला मोठा डाग उमटला, त्यावर तिनं पुन्हा रंग मारला नाही. वेळ नव्हता, असं ती घरी म्हणाली.

त्याचं नाव आदिनाथ. कारखान्यात केमिस्ट म्हणून नुकताच लागला होता, आणि नोकरीबरोबर त्याला क्लबचं सभासदत्वही मिळालं होतं. गाव गेवराईकडचं, गोदाकाठी. चालायला लागायच्या आधी होडीत बसलो, असं तो सांगायचा, आणि त्यातलं निम्मं तरी खरं असावं.

माजलगावच्या ह्या क्लबची गोष्ट अशी की, धरण बांधून झाल्यावर इंजिनिअर मंडळी बदलून गेली आणि जाताना दोन जुन्या होड्या काठावर सोडून गेली. गावातल्या डॉक्टर, वकील, मास्तर अशा चार-दोन हौशी लोकांनी त्या दुरुस्त केल्या, पत्र्याची शेड ठोकली, फाटकाला कुलूप घातलं, आणि झाला क्लब. शनिवारी भजी, रविवारी बॅडमिंटन, आणि एरवी वल्ही मारत बसायचं. पहिल्या दिवाळीत पुरुष मंडळी घर सोडून पाण्यावरच पडून राहिली, तेव्हा बायकांनी निरोप धाडला की, ज्याला पाडव्याला ओवाळून घ्यायचं असेल त्यानं बायकोला होडीत घेऊन जावं. तेव्हापासून पाडव्याला नवरा-बायकोची शर्यत सुरू झाली. नवरा वल्हं मारणार, बायको सुकाणू धरणार. पुढं लेकी मोठ्या झाल्या, सासरहून दिवाळीला यायला लागल्या आणि रुसल्या. म्हणून भाऊबीजेला बहीण-भावाची शर्यत आली. दोन्ही दिवशी धक्क्यावर आधी ओवाळणी, मगच होडी सुटणार. जिंकलेल्यांना कप मिळे, आणि त्यांची नावं हॉलमधल्या फळ्यावर तेलरंगानं लिहिली जात. पाडव्याच्या फळ्यावर राजनंदिनीच्या आईवडिलांचं, सत्यशीलाबाई आणि विजयसिंहांचं नाव दोनदा होतं. भाऊबीजेच्या फळ्यावर तिचं एकदाही नव्हतं. ती आणि तिचा चुलतभाऊ सुग्रीव दरवर्षी दुसरे यायचे. तिला हे फार लागायचं, आणि ते तिनं कधी लपवलंही नाही.

ह्या वर्षी सुग्रीवला हैदराबादेत नोकरी लागली आणि दिवाळीला सुट्टी मिळेना. राजनंदिनीची होडी, टिटवी तिचं नाव, शेडमध्ये पडून राहायची वेळ आली. क्लबचे सेक्रेटरी राधाकिशनकाका, रिटायर्ड हेडमास्तर, नियमाला पक्के. पण नियमातच मानलेल्या भावाची सोय होती. त्यांनी भज्यांच्या टेबलावरच आदिनाथला विचारलं की, नंदिनीसोबत भाऊबीजेला उतराल का? आदिनाथ लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच, की राजनंदिनीच्या हातातलं भजं हातातच राहिलं.

इतक्या लगेच? म्हणजे ह्याच्या मनात काहीच नाही. त्या दिवशी तिनं पाच-सहा भजी जास्त खाल्ली.

कारण क्लबात मानलेला भाऊ म्हणजे नुसता होडीपुरता भाऊ नसे. मागं एका डॉक्टरांच्या मुलीनं कपासाठी वकिलांच्या मुलाला ओवाळलं होतं. आता वकिलांची सून तिला वन्सं म्हणते, आणि लग्नकार्यात ती नणंदेचा मानपान मागून घेते. धक्क्यावर एकदा कुंकू लागलं की ते लागलं.

रोज संध्याकाळी सराव सुरू झाला. होडीत वल्हं मारणारा पाठमोरा पुढं जातो, वाट त्याला दिसत नाही. सुकाणूवाली त्याच्या समोर बसते, तिला वाटही दिसते आणि तोही. ही मोठीच गैरसोय होती. तो वल्हं ओढताना डोळे बारीक करायचा, ओढून झालं की ओठ पुसायचा... आणि पहिल्याच दिवशी टिटवी सरळ जाऊन धक्क्याशेजारच्या, पाण्यात बुडालेल्या बाभळीत घुसली.

"तुमी बघत कुठं होता?" त्यानं मान वळवून विचारलं.

"डोळ्यावर ऊन आलतं."

"ऊन तर माझ्या डोळ्यावर हाय."

तिनं फांदी धरून होडी मागं ढकलली, आणि तिच्या मनगटाला काटा लागला तेव्हा त्यानं तो काढून दिला. काटा निघाल्यावरही तिचं मनगट जरा वेळ त्याच्या हातात होतं, आणि दोघांपैकी कुणालाच त्याची घाई नव्हती.

हळूहळू टिटवी सरळ जायला लागली. तो ओढायचा तशी होडी पाण्यावरून नुसती सरकायची. ह्या वर्षी नाव फळ्यावर जाणार, हे काठावरच्या लोकांनाही दिसत होतं. राजनंदिनी रोज घरी येताना कपाचा विचार करायची, आणि फाटक लावताना ओवाळणीच्या ताटाचा विचार मनात आला की हिरमुसायची. असला कोरडा माणूस आपल्याला आवडावा, ह्याचा तिला राग येई. आणि आवडत होता तो, त्यात शंका नव्हती.

पाडव्याच्या दिवशी दोघं धक्क्यावर उभे राहून नवरा-बायकोची शर्यत बघत होते. ताटं फिरत होती, निरांजनं वाऱ्यानं विझत होती, एक वहिनी नवऱ्याला भर पाण्यात डावं-उजवं शिकवत होत्या. आदिनाथनं सहज विचारलं की, उद्याही अशी ताटं असतात का?

"असतात की. मी तुमाला ओवाळणार," ती म्हणाली. "मग तुमी माझे भाऊ."

"कपापुरते?"

"जन्मभर."

त्यानं पाण्याकडं तोंड वळवलं. समोर होड्या वळणाची खूण म्हणून तरंगत ठेवलेल्या पिंपाला वळसा घालून परत निघाल्या होत्या. लोक ओरडत होते. तो म्हणाला, "मला वाटलं, नुसतं वल्हं मारायचं. रोज संध्याकाळी तुमच्या समोर बसायला मिळंल म्हणून हो म्हटलं मी."

राजनंदिनीच्या कानांना ऊब चढली. इतके दिवस तिनं ह्याला मनातल्या मनात किती शिव्या घातल्या होत्या.

"मग आता?" तिनं विचारलं.

"तुमाला कप लई दिवसांपासून पायजे. मी न्हाई म्हटलं तर टिटवी उतरत न्हाई." तो पाण्याकडंच बघत होता. "तुमी ठरवा. तुमी म्हणाल तसं."

हे तिला मुळीच आवडलं नाही. सगळं ओझं तिच्या गळ्यात घालून हा मोकळा. पण घरी जाताना तिला कळलं की, खरं तर त्यानं कप तिच्याकडून हिसकावून घेतला नव्हता, एवढंच. द्यायचा की नाही, हे तिचं तिनं ठरवायचं होतं.

भाऊबीजेला ती जरीकाठाची साडी खोचून धक्क्यावर आली. ताट आईनं तयार केलं होतं. आदिनाथ टिटवीजवळ टोपी घालून उभा होता, कारखान्यात ॲसिडची बाटली उचलताना असावा तसा गंभीर. इतर बहिणींनी ओवाळलं, भाऊ होड्यांत बसले. राधाकिशनकाकांनी शिट्टी तोंडाशी नेली आणि तिच्याकडं पाहिलं.

तिनं बोट कुंकवात बुडवलं. हात वर नेला. आदिनाथनं डोळे मिटून घेतले होते, आणि तिरका दात खालच्या ओठावर दाबून धरला होता.

तिनं हात खाली घेतला आणि कुंकवाचं बोट ताटाच्या काठाला पुसलं.

"काका, मी ह्यांना आज ओवाळणार न्हाई."

"आज न्हाई तर मग कधी? होड्या सुटायल्यात."

"पुढच्या पाडव्याला ओवाळीन."

होडीतल्या एका भावाच्या हातून वल्हं निसटून पाण्यात पडलं. सगळ्यात आधी सत्यशीलाबाई हसल्या आणि त्यांनी पुढं होऊन लेकीच्या हातातलं ताट घेतलं. विजयसिंह मात्र आदिनाथकडं बघत राहिले.

"तुमाला ऐकू आलं का?" त्यांनी विचारलं.

"आलं."

"मग?"

आदिनाथनं टोपी काढली. "माझ्या घरच्यांना रविवारी घेऊन येऊ का?"

"रविवारी भजी न्हाई मिळत इथं," विजयसिंह म्हणाले. "शनिवारी या."

नियम तो नियम. राधाकिशनकाकांनी टिटवी बाद केली, शिट्टी फुंकली आणि बाकीच्या होड्या गेल्या. राजनंदिनी त्यांच्याकडं बघत राहिली. तिला रडूच यायला लागलं होतं, आणि ते आनंदाचं नव्हतं. आजचा कप तिचाच होता.

"वाईट वाटतंय?" आदिनाथनं विचारलं.

"लई."

"मग बसा."

ते सगळ्यांच्या मागून निघाले. त्यानं अशी वल्ही ओढली की पिंपाच्या वळणावर टिटवीनं दोन होड्या मागं टाकल्या, आणि येताना उरलेल्याही. काठावरचे लोक त्यांच्या नावानं ओरडायला लागले. टिटवी सर्वांच्या आधी शर्यत संपायची बांबूची खूण ओलांडून गेली, तेव्हा राधाकिशनकाकांनी शिट्टी खिशात घातली आणि मान दुसरीकडं वळवली.

राजनंदिनीला ते दिसलं नाही. तिला खूणही दिसली नाही, धक्काही दिसला नाही. टिटवी त्याच वेगात पुढं गेली आणि बाभळीत जाऊन अडकली.

ह्या वेळी, ती कुठं बघत होती हे आदिनाथनं विचारलं नाही.