दहात किती

लातूरच्या त्या दवाखान्यात सुमनबाईंचं काम एकच होतं. कळा देणाऱ्या बाईला दर अर्ध्या तासानं विचारायचं, "दहात किती दुखतंय?" आणि आकडा कागदावर लिहायचा. पस्तीस वर्षं तिथंच नर्स म्हणून काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. भूल देणाऱ्या डॉक्टर प्रियदर्शनींनी त्यांना परत बोलावून घेतलं, ते एका अभ्यासासाठी. आतड्याला सूज असलेल्या गरोदर बायकांना पाठीत सुई देऊन कळा शमवल्या, तर आतड्याचं दुखणं पुढं उसळतं का, हे बघायचं होतं. खेड्यातल्या बाया डॉक्टरपुढं खरं बोलत नसत. सुमनबाईंपुढं बोलत.

जळकोटची दिपाली सकाळी आली. चार वर्षांचा आतड्याचा आजार. पहिलं लेकरू आठव्या महिन्यात पोटातच गेलेलं.

"दहात किती, पोरी?"

"सोळा!" दिपाली दातओठ खात म्हणाली. "लिहा की, मावशी. कागदात बसंना का?"

सुमनबाई हसल्या. त्यांनी दहा लिहिलं.

डॉक्टरांनी सुई दिली आणि पाठीतली बारीक नळी चिकटपट्टीनं घट्ट झाकली. बारा वाजेपर्यंत आकडा दोनवर आला. दिपाली कुशीवर पडली होती. तिच्या तोंडासमोर सुमनबाई स्टुलावर बसल्या होत्या. एका हातात कागद, दुसऱ्यात पेन. खिडकीत कूलर घरघरत होता.

"मावशी, तुमचा हात लई ऊन हाय," दिपाली डोळे मिटून म्हणाली. "असंच चोळत ऱ्हावा."

सुमनबाईंनी आपल्या दोन्ही हातांकडं बघितलं.

बधिर अंगाला असले भास होतात, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी विचारलं, "कुठं चोळतोय?"

"कमरंवर. अंगठा लागंना. नुसती चार बोटं."

सुमनबाईंची माय, केवळाबाई, सुईण होती. कडबा तोडताना तिचा अंगठा गेलेला. उरलेल्या चार बोटांनी ती अडलेल्या बायांच्या कमरेला ऊन एरंडेल चोळायची. सुमनबाई नव्या नर्स असताना ती एकदा तेलाची बाटली घेऊन याच वॉर्डाच्या दारात आली होती. "माय, हितं तुझं काम न्हाई," सुमनबाई चारचौघींत म्हणाल्या होत्या. माय दारातून मागं फिरली. दिवस मावळेपर्यंत पायरीवर बसून राहिली. ती जाऊनही आता तीस वर्षं झाली.

"मावशी, हात थांबला."

सुमनबाईंनी कागद आणि पेन खाली ठेवलं.

"आता दाबून राहिलाय. लई जोरात."

बाळाचे ठोके बघायला अजून वीस मिनिटं होती. सुमनबाईंनी यंत्र तेव्हाच पोटाला लावलं.

एक ठोका. मग बराच वेळ काही नाही.

"मॅडम!"

नाळेचे दोन वेढे गळ्याभोवती होते. त्याच नळीतून भूल वाढवून लगोलग ऑपरेशन झालं. लेक निळी पडली होती. पण रडली.

"सिस्टर, तुम्हाला कसं कळलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"तिनं सांगितलं," सुमनबाई म्हणाल्या. डॉक्टरांना वाटलं, दिपालीनं.

दुसऱ्या दिवशी नळी काढायची होती. लेकीला छातीशी धरून दिपाली कुशीवर वळली.

"दहात किती?"

"शून्य, मावशी."

सुमनबाईंनी चिकटपट्टी हळूहळू सोलली. जिथं कालपासून वारासुद्धा पोचला नव्हता, त्या कातडीवर तेलाचा चकाकता ठसा होता. चार बोटांचा.

पुसायला त्यांनी कापसाचा बोळा उचलला आणि तसाच खाली ठेवला. मग ठशाला बोट लावलं.

तेल अजून ऊन होतं.