आंबेरकरांचा कोरा नमुना

दामोदर आंबेरकरांना त्यातून मिळण्यासारखं होतं तरी काय? दर सोमवारी सकाळी उपाशीपोटी एक बाटली भरून द्यायची आणि बदल्यात प्रयोगशाळेच्या डॉ. सुलभा केंजळे यांच्याकडून ‘थँक्यू हं, आंबेरकर’ ऐकायचं. बढती नाही, जादा रजा नाही. सवलत एकच. कातळखिंडीच्या अवकाशतळावर यान चालवणाऱ्या सारथ्यांपासून स्वयंपाक्यांपर्यंत प्रत्येकाची लघवी महिन्यातून एकदा अमली पदार्थांसाठी तपासली जाई. आंबेरकरांची तेवढी नाही. सुलभाबाईंनी ही सवलत कधी हिशेबातच धरली नव्हती. नऊ वर्षं त्या याला आंबेरकरांचा मोठेपणा समजत आल्या होत्या.

हिशेब करायची पाळी एका मंगळवारी आली आणि ती आणली डॉ. इक्बाल मुकादमांनी. रत्नागिरीच्या कॉलेजात दोघं एका बाकावर बसलेले. आज मात्र मुकादम अपघाताचे चौकशी अधिकारी म्हणून प्रयोगशाळेच्या स्टुलावर बसले होते. पाच दिवसांपूर्वी मालवाहू यान पृथ्वीभोवती फिरणाऱ्या गोदामाला जोडताना सारथी नंदन शेट्ये याचा हात थरथरला. यान आपटलं आणि जोडणीच्या दारात उभ्या असलेल्या रेवा तांडेल हिचा उजवा हात कोपरापासून गेला. खाली उतरताच शेट्येनं स्वतःहून सांगितलं, की मी रोज क्रॅटम घेतो, वर पूड नेता आली नाही, तिसऱ्या दिवशी अंगाला कंप सुटला. प्रयोगशाळेच्या कागदावर मात्र शेट्ये सलग अकरा महिने ‘निर्दोष’ होता.

“सुलभा, माणूस म्हणतोय मी गुन्हेगार,” मुकादम म्हणाले, “आणि तुझी प्रयोगशाळा म्हणतेय, छे छे, भला माणूस आहे हा!”

“बोलत असेल काहीही. रेवाचं पाहून डोकं फिरलंय त्याचं.”

“कपाटात अर्धा किलो पूड सापडली. मेंदी होती का ती?”

सुलभाबाई उसळल्या. “इक्बाल, क्रॅटम सापडत नाही ही तक्रार लघवीत बुडवायच्या जुन्या पट्टीची. माझ्या मशिनची नाही.”

“नीट सांग. मला कळतं, पण समितीतल्या लोकांना कळायला हवं.”

“क्रॅटम म्हणजे आग्नेय आशियातल्या एका झाडाचा पाला. कॉफीच्या कुळातलं झाड. मेंदूत अफू ज्या कड्या वाजवते, त्यातल्याच काही हाही वाजवतो. पण रेणूचा आकार वेगळा. पट्टी अफूचा आकार ओळखायला बनवलेली, त्यामुळे ती हूं की चूं करत नाही. क्रॅटमचं नाव घेऊन वेगळी तपासणी केली, तरच सापडायचं. आणि ती कोण करतो? म्हणून तर हा भेदमापक आणला.” त्यांनी खोलीच्या मध्यावरच्या पांढऱ्या पेटीवर हात ठेवला. “याला यादी लागत नाही. यादी केली की लोक यादीबाहेरचं हुडकतात. हा नमुन्यातला रेणू न् रेणू वेगळा करून मोजतो आणि स्वच्छ माणसाच्या कोऱ्या नमुन्याशी ताडतो. स्वच्छ माणसात जे आहे ते वजा. उरलं ते बाहेरून आलेलं.”

“आणि हा स्वच्छ माणूस कोण?”

“आमचे आंबेरकर. चहासुद्धा पीत नाहीत रे.”

“एकटेच? नियमात दहा जणांचं मिश्रण सांगितलंय.”

“दहा जण आले की कोणी मिश्रीवाली, कोणी डोकेदुखीच्या गोळ्या खाणारा. आकडे नाचतात नुसते. एक खात्रीचा माणूस बरा.”

“खात्री कशानं केलीस?”

“तपासलं ना. मशिन बसवलं त्याच दिवशी, दहाच्या दहा पदार्थ...” सुलभाबाई थांबल्या.

“कशानं तपासलं, सुलभा?”

“पट्टीनं,” त्या म्हणाल्या.

मुकादम हसले नाहीत. त्यांनी कपाटातली एक रिकामी बाटली उचलली. “माझा नमुना घे कोरा म्हणून. सकाळपासून तीन चहा झालेत, एवढाच गुन्हा.”

तासाभरात भेदमापकानं आंबेरकरांच्या कालच्या बाटलीतून मुकादमांचा नमुना वजा केला. पडद्यावर एक सुळका उभा राहिला, माडासारखा सरळ. क्रॅटम. मग शेट्येची गेल्या महिन्यातली बाटली लावली. तोच सुळका, त्याच जागी, थोडासा बुटका.

आंबेरकरांना बोलावलं. पडदा बघून ते दचकले नाहीत. कमरेवर हात ठेवून सावकाश खुर्चीत बसले.

“कधीपासून?”

“मशिन यायच्या आधीपासून, मॅडम. पाठीसाठी. मणका सरकलाय ना.”

“आणि मला सांगितलं नाहीत?”

“तुम्ही विचारलंत कुठे? चहा घेता का विचारलंत, तंबाखू विचारलीत. पाला नाही विचारलात.”

“शब्दांचे खेळ नकोत, आंबेरकर! तुम्हाला माहीत होतं की नाही?”

आंबेरकरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “मशिन आलं तेव्हा तुम्हीच सगळ्यांसमोर समजावलंत. कोरा नमुना जो देईल, त्याची तपासणी करण्यात अर्थ नाही, कारण त्याच्यातून तोच वजा. तेव्हा मी हात वर केला. दोन मुलींची शिक्षणं होती, मॅडम. नोकरी गेली असती.”

“तुमच्या नावाची शपथ घ्यायची तेवढी बाकी ठेवली होती मी,” सुलभाबाई म्हणाल्या. आंबेरकर उठले, सवयीनं पंखा बंद केला आणि गेले.

मुकादम अजून पडद्याकडे बघत होते. “वजाबाकी आहे ही, सुलभा. क्रॅटम घेणाऱ्यातून क्रॅटम घेणारा वजा, उरलं शून्य. पण ज्यानं पाला कधी तोंडातच घातला नाही, त्याचं काय होईल?”

“उणे येईल.”

“आणि उणे आलं की तुझं मशिन काय म्हणतं?”

सुलभाबाईंना उत्तर पाठ होतं, कारण तो नियम तीन वर्षांपूर्वी त्यांनीच घातला होता. स्वच्छ माणसात असलेलं काही नमुन्यात ठरावीक मर्यादेपलीकडे कमी भरलं, तर नमुन्यात पाणी घातलंय. दोनदा असं झालं की सारथ्य बंद.

एरवी उणा आकडा मर्यादेच्या आत राही. आंबेरकरांची पाठ जास्त दुखायची त्या आठवड्यात ते पाला जास्त घ्यायचे आणि त्या आठवड्यात तपासलेली स्वच्छ माणसं मर्यादेखाली जायची. तीन वर्षांत असे सात सारथी घरी बसले होते. गोठवून ठेवलेल्या त्यांच्या बाटल्या सुलभाबाई आणि मुकादमांनी दिवसभर नव्यानं लावल्या. सातही स्वच्छ, पाण्याचा एक थेंब नाही. मग त्यांच्या जागी बसवलेल्या सात जणांच्या लावल्या. चौघांत सुळका. शेट्ये त्यांतला एक. भेदमापक तीन वर्षं इमानदारीनं चाळणी करत होता. फक्त दाणे बाहेर आणि खडे आत.

सुलभाबाईंनी पहिला फोन शैला घागला लावला. घरी बसलेल्यांतली ही पहिली. सगळं ऐकून झाल्यावर पलीकडे शैलानं शिट्या देणारा कुकर बंद केला.

“मॅडम, दुसऱ्या वेळी मी तुमच्यासमोर बाटली भरली होती,” शैला म्हणाली. “तुम्ही दारात उभ्या होतात. नळसुद्धा बंद करून घेतला होतात. आठवतं?”

“आठवतं.”

“मग पाणी मी आणलं कुठून, हे तेव्हा नाही मनात आलं?”

आलं होतं. पण पडदा उणे दाखवत होता, आणि सुलभाबाईंनी स्वतःच्या डोळ्यांपेक्षा आंबेरकरांच्या बाटलीवर विश्वास ठेवला होता. हे त्यांनी फोनवर सांगितलं. शैलानं फोन ठेवला.

अहवालाच्या मसुद्यात ‘इजा झालेल्या व्यक्ती’ या रकान्यात मुकादमांनी एकच नाव लिहिलं होतं. सुलभाबाईंनी त्यांच्याकडून पेन मागून घेतलं. आंबेरकरांची नोकरी गेली, पण त्याआधी त्यांना नऊ निर्धास्त वर्षं मिळाली होती. शेट्येचं सारथ्य गेलं, ते मुळात दुसऱ्याच्या जागेवरचं. ही दोन नावं त्यांनी सोडली. रेवा तांडेलच्या खाली त्यांनी शैला घाग लिहिलं आणि एकेक करत उरलेली सहा. पाला या आठांपैकी एकानंही घेतला नव्हता.